‘बापाचंच रक्त आहे’ म्हणण्याआधी

(आर्णी, जि. यवतमाळ येथे बचतगटांतील स्त्रियांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



दारूने घराचं काय होतं, हे आज मी तुम्हाला सांगणार नाही. ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. कापसाचा चुकारा घरी पोचायच्या आत कुठे जिरतो, पोळ्याच्या करीला संध्याकाळी कोणत्या घरात चूल पेटत नाही, हे गावातल्या प्रत्येक बाईला तोंडपाठ आहे. मला आज एकाच प्रश्नावर बोलायचं आहे. आर्णी, दिग्रस, घाटंजी, कुठेही गटाची बैठक घ्या. हप्त्यांचा हिशेब संपला, रजिस्टर मिटलं, की कोणीतरी हळूच विचारतं, "ताई, माह्या पोराले बी हे लागन काय?"

नवऱ्याची आशा अनेकींनी सोडून दिलेली असते. पण आठवीतल्या पोराकडे बघून पोटात गोळा येतो. गावाकडे या प्रश्नाचं उत्तर तयार असतं, "बापाचंच रक्त आहे, जाईल कुठे?" हे एक वाक्य वेगवेगळ्या तोंडी वेगवेगळी कामं करतं. नवरा म्हणतो, "आमच्या खानदानातच हाये, मी काय करू?" म्हणजे त्याची सुटका झाली. सासू मुलाचा दोष पणजोबांच्या माथी मारून मोकळी होते. गाव पोराची मॅट्रिक व्हायच्या आधीच त्याचा निकाल लावून टाकतं. मुलीची सोयरीक निघाली की तेच रक्त तिच्या आडवं येतं, "बाप दारुडा आहे, पाहून घ्या." आणि जी बाई हे सगळं सोसते तिला सांगितलं जातं की रक्तच तसं आहे, आता तू काय करणार? तेव्हा विज्ञान रक्ताबद्दल नेमकं काय सांगतं आणि कुठे थांबतं, हे आपण बायकांनी नीट समजून घेतलं पाहिजे. अर्धवट माहितीचा उपयोग आजवर आपल्याच विरुद्ध झाला आहे.

पिणारे सगळेच व्यसनी का होत नाहीत?

आधी एक फरक लक्षात घेऊ. पिणारा आणि व्यसनी हे एक नव्हेत. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार १० ते ७५ वयाच्या सुमारे १६ कोटी लोक देशात दारू पितात. त्यातल्या ५ कोटी ७० लाख लोकांचं पिणं अपायकारक किंवा त्याहून पुढे गेलेलं, म्हणजे त्यांना मदतीची गरज आहे. व्यसन म्हणजे काय? एक पव्वा घ्यायचा ठरवून दोन घेतले जातात, रोज आधीपेक्षा जास्त लागते, सकाळी हात थरथरतात आणि घोट घेतल्यावरच थांबतात, काम गेलं, शेत गेलं, यकृत सुजलं तरी सुटत नाही. हा आजार आहे, आणि डॉक्टर त्याला आजारच म्हणतात.

मग एकाच पारावर बसून पिणाऱ्या चौघांपैकी एकालाच हा आजार का जडतो? शास्त्रज्ञ गेली पन्नास वर्षं याच प्रश्नाच्या मागे आहेत.

बापापासून दूर वाढलेली मुलं

मुलाला बापाकडून रक्तही मिळतं आणि घरही मिळतं. मग दोष कशाचा, हे वेगळं कसं काढायचं? डेन्मार्कमध्ये डोनाल्ड गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दत्तक गेलेली मुलं शोधली. ज्यांच्या जन्मदात्या आईला किंवा बापाला दारूचं व्यसन होतं, पण जी जन्मानंतर काही आठवड्यांतच दुसऱ्या घरी गेली, अशी ५५ मुलं मोठी झाल्यावर त्यांनी तपासली. १९७३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या मुलांपैकी १८ टक्के व्यसनी झाले होते. ज्यांच्या जन्मदात्यांना व्यसन नव्हतं अशा दत्तक मुलांमध्ये हेच प्रमाण ५ टक्के होतं. म्हणजे ज्या बापाचं तोंडही पाहिलं नाही त्याच्याकडूनसुद्धा काहीतरी आलं होतं. हे मान्य करावं लागतं.

पण हाच आकडा उलटून वाचा. व्यसनी जन्मदात्यांच्या १०० मुलांपैकी ८२ व्यसनी झाले नाहीत. ‘रक्तच आहे, जाईल कुठे’ म्हणणाऱ्या गावाला हा ८२ चा आकडा सांगितला पाहिजे.

पुढे जुळ्या भावंडांवर पुष्कळ अभ्यास झाले. काही जुळी हुबेहूब एकसारखी असतात, त्यांची जनुकंही सारखी असतात. जनुक म्हणजे आईबापांकडून पिंडातून उतरणारी सूचना, नाकडोळ्यांपासून स्वभावापर्यंत बरंच काही जिच्यावर अवलंबून असतं ती. दुसरी जुळी साध्या भावंडांइतकीच सारखी असतात. दोन्ही प्रकारच्या जोड्यांची तुलना केली की रक्ताचा वाटा मोजता येतो. जुळ्यांच्या आणि दत्तक मुलांच्या अशा अभ्यासांचा एकत्र हिशेब २०१५ मध्ये मांडला गेला, तेव्हा रक्ताचा वाटा सुमारे ४९ टक्के निघाला. सोप्या भाषेत, जवळपास निम्मा.

हा निम्मा वाटा काम कसा करतो? दारूचं असं एकच जनुक नाही. अनेक जनुकं थोडाथोडा भार टाकतात. पोटात गेलेल्या दारूचं यकृतात आधी एका विषारी द्रव्यात आणि मग निरुपद्रवी द्रव्यात रूपांतर होतं. चीन, जपान, कोरिया या भागातल्या बऱ्याच लोकांच्या शरीरात दुसरं काम संथ चालतं. विष साचतं, तोंड लाल होतं, छाती धडधडते, मळमळतं. अशा माणसाला व्यसन सहसा लागत नाही, शरीरच त्याला थांबवतं. आपल्या देशातल्या बहुतेकांना निसर्गाने हा लगाम दिलेला नाही.

दुसरी गोष्ट आपल्या रोजच्या बोलण्यातली आहे. "त्याले पचते. चार घेतल्या तरी ताठ चालते." पारावर हे कौतुकाने सांगतात. अमेरिकेत मार्क शुकिट या डॉक्टरांनी व्यसनी बापांच्या तरुण मुलांना मोजून दारू दिली आणि कोणाला किती चढते ते पाहिलं. दहाएक वर्षांनी तीच मुलं पुन्हा तपासली. ज्यांना कमी चढली होती त्यांच्यापैकी ५६ टक्के व्यसनी झाले होते. ज्यांना लवकर चढली होती त्यांच्यात प्रमाण १४ टक्के होतं. कारण उघड आहे. ज्याला चढत नाही तो थांबत नाही, आणि बरोबरीचे त्याला थांबवत नाहीत. तेव्हा घरात एखाद्या पोराबद्दल ‘याला पचते’ असं ऐकलं तर ते कौतुक नसून धोक्याची खूण आहे, हे मनात लिहून ठेवा.

एका थैलीतली सरकी

आता ‘निम्मा वाटा’ या शब्दांचा गैरसमज होऊ देऊ नका. याचा अर्थ एखाद्या माणसाची अर्धी दारू रक्ताने प्यायली आणि अर्धी त्याने, असा नाही. हा हिशेब अनेक माणसांमधल्या फरकाचा आहे.

आपण पऱ्हाटीचं उदाहरण घेऊ. एकाच थैलीतली सरकी अर्धी काळ्या जमिनीत लावली आणि अर्धी बरड्यावर. वाण एकच आहे. एका वावरात बोंडांनी झाड वाकतं, दुसऱ्यात गुडघाभर वाढून सुकतं. वाण महत्त्वाचं नाही असं कोणी कास्तकार म्हणणार नाही. पण फक्त वाणावर पीक येतं असंही तो म्हणणार नाही. जमीन, पाऊस, निंदण, फवारणी, सगळं लागतं. व्यसनाचं बी तसंच आहे. ते पुष्कळांच्या पिंडात असतं, पण दारूच मिळाली नाही तर ते उगवत नाही. आणि कोणाला दारू कधी, किती आणि कोणाच्या हातून मिळते, हे रक्त ठरवत नाही.

बहिणीचं रक्त

याचा सगळ्यात मोठा पुरावा आपल्याच घरात आहे. व्यसनी बापाला एक मुलगा आणि एक मुलगी आहे. रक्त दोघांतही त्याचंच. मुलीत ते कमी येतं असं नाही. केनेथ केंडलर यांनी अमेरिकेतल्या जुळ्या बहिणींचा अभ्यास करून १९९२ मध्ये दाखवलं की स्त्रियांच्या व्यसनातही रक्ताचा वाटा निम्मा किंवा थोडा अधिकच असतो. मग २०१९ च्या त्याच पाहणीत पिणारे पुरुष २७.३ टक्के आणि पिणाऱ्या बाया १.६ टक्के, एवढी तफावत कुठून आली?

ती आली ग्लास हातात देणाऱ्यांकडून. मुलाला लग्नाच्या वरातीत काका पाजतो, निवडणुकीत पुढारी पाजतो, बैल विकल्यावर दलाल पाजतो. "मर्द हायेस का पोरगी?" म्हणून मित्र पाजतात. नाही म्हणणाऱ्याला बायकी ठरवतात. मुलीला हे कोणी करत नाही. भाऊ आणि बहीण एकाच पिंडाचे, पण गावाने एकाच्या वाटेवर दारू ठेवली आणि दुसरीच्या वाटेवर धाक. मुलींना धाकात ठेवलं म्हणून त्या वाचल्या, तेव्हा धाक चांगला, असं मी म्हणत नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की गावाने ठरवलं तर तेच रक्त आयुष्यभर गप्प राहू शकतं. ते बहिणीत राहिलं आहे. मग भावात का राहू नये?

आणि ज्या थोड्या बाया पितात, मोहाची असो की देशी, त्यांच्याबद्दलही बोललं पाहिजे. व्यसनी पुरुषाला गाव ‘बिचारा’ म्हणतं आणि व्यसनी बाईला बदचलन. मग ती लपवते आणि उपचाराला येतच नाही. आपल्या गटात अशी बाई असेल तर तिला बाहेर काढू नका. तिचा आजार नवऱ्याच्या आजाराएवढाच खरा आहे.

उरलेला निम्मा वाटा

आता हा उरलेला वाटा कुठे असतो ते पाहू.

पहिला भाग वयाचा. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत (१९९७) दिसलं की ज्यांनी १५ वर्षांच्या आत दारू सुरू केली त्यांच्यापैकी सुमारे ४० टक्के पुढे कधी ना कधी व्यसनी झाले. ज्यांनी २० नंतर सुरू केली त्यांच्यात हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. लवकर सुरू करणाऱ्यांच्या घरीही दारू असते, स्वभावही धाडसी असतो, म्हणून सगळा दोष वयाचा नाही. तरी वाढत्या मेंदूला दारूपासून जितकं लांब ठेवता येईल तितकं बरं, यात शंका नाही. आपल्याकडे काय चालतं? बाप मुलालाच पव्वा आणायला पाठवतो, चकणा आणायला पाठवतो, उरलेला घोट हसत त्याच्या तोंडाला लावतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला दारू देणं आणि मुलाच्या हातून दारूची ने-आण करवणं, दोन्ही गुन्हे आहेत. सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. आपल्या राज्यात कडक दारूसाठी वय २५ आणि बिअरसाठी २१ आहे. दुकानदाराला हे माहीत असतं. आपल्यालाही माहीत आहे, हे त्याला कळलं पाहिजे.

दुसरा भाग घरातल्या मारहाणीचा. अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहरात हजारो लोकांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं गेलं. मार खाल्ला का, आईला मार खाताना पाहिलं का, घरात व्यसनी माणूस होता का, असे प्रश्न होते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ज्यांच्या वाट्याला अशा चार किंवा अधिक गोष्टी आल्या होत्या त्यांच्यात दारूचं व्यसन, नशा, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका इतरांच्या ४ ते १२ पट आढळला. याचा आपल्यासाठी अर्थ काय? तुम्ही स्वतःवरचा मार थांबवता तेव्हा तुम्ही मुलाचंही रक्षण करता. "पोरांकडे पाहून सहन कर" असं माहेरची माणसं सांगतात. खरं म्हणजे पोरांकडे पाहूनच सहन करू नये. स्वीडनमधल्या दत्तक मुलांच्या मोठ्या अभ्यासातही (२०१५) जन्मदात्यांचं व्यसन आणि पाळणाऱ्यांचं व्यसन, दोन्हींनी मुलाचा धोका वाढलेला दिसला. म्हणजे मूल घरात जे पाहतं तेही त्याच्या वाट्याला येतंच.

तिसरा भाग दारू किती जवळ आणि किती सहज मिळते याचा. आणि चौथा भाग जगण्याच्या कोंडीचा. यवतमाळ जिल्ह्याला ते वेगळं सांगायला नको. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९८६ मध्ये पत्नी आणि मुलांसह जीव दिला, तेव्हापासून हा जिल्हा आत्महत्यांसाठीच ओळखला जातो. आपल्याच तालुक्यातल्या दाभडीला मार्च २०१४ मध्ये ‘चाय पे चर्चा’ झाली, देशाने ती पाहिली. कर्ज, नापिकी, झोप उडणं, मग झोपेसाठी दारू, दारूने आणखी कर्ज आणि आणखी नैराश्य, हा फेरा आपण पाहतो. पण माणूस गेल्यावर चौकशीत ‘मयत दारूच्या आहारी गेला होता’ असा शेरा पडला की एक लाखाच्या मदतीसाठी प्रकरण अपात्र होण्याची वाट सोपी होते. दारू आजार आहे, तिच्यामागे कर्ज आहे, हे कोणी लिहीत नाही. जिवंतपणी ज्या दारूने त्या बाईला छळलं, तीच नवरा गेल्यावर तिच्या तोंडचा घासही काढून घेते.

आजार आहे, पण माफी नाही

इथे कोणी म्हणेल की ताई, रक्त आहे, आजार आहे, कोंडी आहे, म्हणजे तुम्ही नवऱ्याचीच बाजू घेता. नाही. पिण्याची ओढ हा आजार आहे. हात उगारणं हा आजार नाही.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं की ज्यांचे नवरे वारंवार पिऊन तर्र होतात अशा ७० टक्के बायांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. ज्यांचे नवरे दारूला शिवतही नाहीत अशा बायांमध्ये हे प्रमाण २३ टक्के आहे. पहिला आकडा सांगतो की दारू आगीत तेल ओतते. दुसरा आकडा सांगतो की आग दारूशिवायही पेटलेली आहे. दारू न पिता मारणाऱ्या त्या नवऱ्यांचं रक्त कोणतं? पिऊन आलेला माणूस फौजदाराला मारत नाही, दुकानदाराला मारत नाही. घरी येऊन बायकोलाच मारतो. कोणाला मारता येतं, हे त्याला नशेतही बरोबर कळतं.

कायदाही हेच सांगतो. स्वतःहून पिऊन गुन्हा करणाऱ्याला ‘मी शुद्धीत नव्हतो’ म्हणून सुटता येत नाही. हे इंग्रजांच्या १८६० च्या दंड संहितेत होतं आणि नव्या न्याय संहितेतही आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे. त्यात घरात राहण्याचा हक्क आहे, संरक्षणाचा आदेश मिळतो. नवऱ्याला उपचाराला नेणं आणि मारहाणीची तक्रार करणं, दोन्ही एकाच वेळी करता येतं. एक केलं म्हणून दुसरं सोडायचं नाही.

आणि बाईला दोष देणंही आता बंद झालं पाहिजे. "बायको कटकट करते म्हणून पितो", "पायगुण वाईट", "लगन करून द्या, सुधरन". लग्न हे व्यसनावरचं औषध नाही. मुलगी देताना आपण एकर पाहतो, नोकरी पाहतो, विहिरीला पाणी किती ते विचारतो. मुलगा पितो का, कधीपासून, हेही तितक्याच मोकळेपणी विचारा. पण दारुड्याची लेक म्हणून कुठल्या मुलीला नाकारू नका. तिने पाहिलंय ते पाहून ती दारूच्या दहा हात लांब राहण्याचीच शक्यता जास्त.

मग करायचं काय?

ज्या घरात बाप, आजा, काका व्यसनी आहेत त्या घरातल्या मुलांना खरं सांगा. साखरेच्या आजाराचं घर असलं की आपण मुलाला गोडाचं सांगतो ना, तसंच. "तुझ्यात बापाचं रक्त आहे, तू वाया जाणार" असं म्हणू नका. "दारू तुला इतरांपेक्षा लवकर धरू शकते, म्हणून तुझ्यासाठी पहिला घोटच नको" असं सांगा. हे मुलीलाही सांगा. शाळा सुटू देऊ नका, आणि मुलगा उदास राहतो, एकदम चिडतो, तर त्याच्याशी बोलणारं एक तरी मोठं माणूस शोधा. मामा असेल, मास्तर असतील.

नवऱ्यासाठी उपचार आहे. त्याच २०१९ च्या अहवालात आहे की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांत एकालाच कसली तरी मदत मिळते. एक गोष्ट जिवाशी खेळ ठरते, म्हणून सांगते. रोज भरपूर पिणाऱ्याला घरात कोंडून एकदम दारू बंद करू नका. काही तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दोन-तीन दिवसांनी त्याला नसलेली माणसं, किडे दिसू लागतात. लोक म्हणतात बाहेरचं लागलं आणि मांत्रिकाकडे नेतात. तो दारू अचानक तुटल्याचा आजार आहे, त्यात माणूस दगावतो. त्याला दवाखान्यातच नेलं पाहिजे. यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. नशामुक्तीसाठी सरकारचा १४४४६ हा फोन आहे, मनाच्या आजारासाठी १४४१६, बाईवर अत्याचार होत असेल तर १८१.

चहात कालवून द्यायच्या गोळ्या-पुड्या विकणाऱ्यांपासूनही सावध राहा. काही औषधं दारूचं विष शरीरात साचवतात, मघाशी चीन-जपानचं सांगितलं तसं. माणसाला कळवून, डॉक्टरच्या देखरेखीखाली दिलं तर ते औषध. न सांगता दिलं आणि तो वर प्यायला तर जीव जाऊ शकतो, आणि खापर तुमच्यावर फुटेल.

उपचारानंतर पुन्हा पिणं होतं, त्याने खचू नका, पण स्वतःला विसरूही नका. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं. तिथे व्यसनी पुरुषांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा गट आहे. बाई तिथे नवऱ्याला सुधारायला येत नाही, स्वतःचं मन सावरायला येते. आपल्या बचतगटाला महिन्यातून एक बैठक यासाठी ठेवता येईल. तिला पैसा लागत नाही.

शेवटचं दुकानाबद्दल. आपल्याला लागून असलेला वर्धा जिल्हा १९७४ पासून दारूबंद आहे, आणि आपल्या जिल्ह्यातून तिकडे दारू जाते हेही उघड आहे. गडचिरोलीत १९९३ मध्ये बंदी आली. चंद्रपुरात बायांच्या लढ्याने २०१५ मध्ये आली आणि अवैध विक्रीचं कारण देत सरकारने २०२१ मध्ये उठवली. आंध्रात नेल्लोरच्या दुबगुंटा गावातल्या साक्षरता वर्गातल्या बायांनी १९९२ मध्ये दुकानं बंद पाडली, १९९५ मध्ये राज्यभर दारूबंदी झाली, १९९७ मध्ये तीही गेली. आपल्या जिल्ह्यातही ‘स्वामिनी’च्या झेंड्याखाली बाया रस्त्यावर आल्या. सरकारला दारूतून महसूल हवा असतो. जून २०२५ मध्ये शुल्क वाढवून वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळतील असा हिशेब त्यांनीच मांडला. तेव्हा वरून बंदी येईल, म्हणून हात बांधून बसू नका. आणि बंदी आली म्हणून झोपूही नका.

गावाचं, वॉर्डाचं परवान्याचं दुकान बंद करण्याचा हक्क २००८ च्या शासन आदेशाने आपल्याला दिला आहे. २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की मतदान होतं, उभी बाटली की आडवी बाटली. पण आडव्या बाटलीला एकूण नोंदलेल्या महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतं लागतात. आलेल्या बायांच्या निम्मी मतं पुरत नाहीत. म्हणजे जी बाई त्या दिवशी निंदायला गेली, माहेरी गेली, नवऱ्याच्या धाकाने घरी बसली, तिचं मत दुकानदाराच्या पदरात पडतं. मेलेल्या आणि लग्न होऊन गेलेल्या बायांची नावं यादीत राहिली तर तीही त्याच्याच बाजूची. म्हणून मोर्च्याच्या आधी मतदारयादी हातात घ्या, एकेक नाव वाचा. हातभट्टीसाठी हे मतदान लागतच नाही, तो सरळ गुन्हा आहे. २०१६ च्या कायद्याने ग्रामरक्षक दल करता येतं, त्यासाठी ग्रामसभेत बसून ठराव मागा.

तर ज्या आईने मुलाबद्दल विचारलं तिला आपलं उत्तर काय? तुझ्या मुलाला धोका इतरांपेक्षा जास्त आहे, हे खरं आहे. तो दारुडा होणारच, हे खोटं आहे. रक्त आपल्याला बदलता येत नाही. त्याच्या हातात पहिला ग्लास कोण देतो, किती वर्षांचा असताना देतो, तो शाळेत जाता-येता किती दुकानं पाहतो आणि रात्री घरी आल्यावर काय पाहतो, यातलं बरंचसं बदलता येतं. यातलं एकटीने किती होईल आणि गटाने किती होईल, याची वाटणी आज जेवणाच्या सुट्टीत बसून करू. ज्या गावांत दुकान आहे त्या गावच्या बायांनी दुपारच्या सत्रात इकडे डाव्या बाजूला बसावं. सह्यांचे कागद आणि अर्जाचा नमुना आम्ही आणला आहे.